चिखलातला पाय

डोमाजी काकाजी नातवाची ढगळ ट्रॅकपँट घालून व्यायामाच्या क्लासला यायचे आणि आल्याबरोबर माझ्या यंत्राच्या पाया पडायचे, रंगमंचाच्या पडावं तसे. यंत्र म्हणजे पिलाटेस या व्यायामप्रकाराचं रिफॉर्मर. स्प्रिंगांना बांधलेली, पुढेमागे सरकणारी गादी. गोंदियात ते आणलं तेव्हा लोकांनी मला वेड्यात काढलं होतं.

काकाजी नागऱ्यापलीकडच्या खेड्यातले. जन्मभर लुगडं नेसून दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, बाईच्या सोंगात नाचले. सत्तरीत खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी नाच बंद सांगितला. त्यांना मात्र दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, एकदा, शेवटचं नाचायचं होतं. मी त्यांची तयारी करून घ्यायला राजी झाले, पण उडी मारायची नाही या अटीवर. त्यांची उडी पाहायला आजूबाजूची गावं लोटायची. काकाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आडवं पडून पायांनी गादी ढकलायची आणि हळू परत आणायची, हा पहिला व्यायाम. पुण्यात शिकताना माझी गादी हमखास आदळायची. काकाजींची पहिल्याच दिवशी आवाज न करता परत आली. मी थक्क.

"हा तं चिखलच होय, बाई," ते म्हणाले. त्यांचे गुरुजी पोरांना पाणी भरलेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, नाचवायचे. पाय उचलताना आवाज आला, की नाच पहिल्यापासून. "पाय काढाचा, उपटाचा नाही," हे त्यांचं पालुपद. हळूहळू मीही आकडे मोजायचं सोडून सगळ्यांना तेच सांगू लागले.

मंडईला मी पहिल्या रांगेत बसले होते. ढोलकी उडीच्या जागेवर आली. शिट्ट्या सुरू झाल्या. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं, लुगड्याचा काठ धरला आणि एक पाय इतका सावकाश उचलला, की ढोलकीवाल्याचा हात थांबला. कोरड्या मातीवर मला चिखल दिसला. शिट्ट्याही थांबल्या.

मी रडतेय हे पाहून ते नंतर म्हणाले, "कायले रडून राहिली? उडी तं पोट्टे बी मारतेत."

पुढच्या उन्हाळ्यात काकाजी गेले. क्लासमध्ये त्यांची आठवण रोज येते, गादी आदळली की तर येतेच. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी त्यांच्या गावी गेले. चपला काढून त्यांच्या बांधीत उतरले आणि जमेल तितका हळू पाय काढला. चपक्कन आवाज झाला.

बांधावर त्यांची म्हातारी बायको बसली होती. तिने मान वर केली नाही.

"पयल्यापासून," ती म्हणाली.