आमच्या गरजा गोळा करायला आलेली केतकी

आमच्या पोळीभाजी केंद्रात रात्री कणीक उरत नाही, भाजी उरत नाही, किस्से मात्र उरतात! एकावर झाकण ठेवावं तर शेजारचा उतू जातो. पण डोंबिवलीत आमच्या केंद्राचं अ‍ॅप करायचं ठरलं आणि मग जे काय झालं, ते झाकणाखाली मावण्यातलं नाही. सांगूनच टाकते.

केंद्र माझं. म्हणजे कागदावर पाच जणींचं, पण एक तवा आणि एक शेगडी घेऊन सुरू मी केलेलं. शाळा माझी चौथीपर्यंत, पण केंद्रात काय शिजणार ते मी ठरवते. मग एका दिवाळीत फराळाची गर्दी झाली म्हणून वैशालीला तात्पुरतं बोलावलं. बी.कॉम. आहे. फोनवर गोड बोलते. ती गेलीच नाही!

*

केतकी ठाण्याहून आली. कंपनीतली पोरगी, पाठीला बॅग, हातात लॅपटॉप. म्हणाली, "मी तुमच्या रिक्वायरमेंट्स गोळा करायला आलेय. म्हणजे अ‍ॅपकडून तुम्हाला काय काय हवंय ते."

आमच्याकडे वर्गणी गोळा करायला येतात, भंगार गोळा करायला येतात. गरजा गोळा करायला कोणी पहिल्यांदाच आलेलं.

माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, पाणी मिळेल का?" आणि वैशालीकडे वळून म्हणाली, "ताई, आपण बसूया का?"

मी काकू आणि ती ताई! वैशाली माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, बस. केस रंगवते, एवढंच.

शिवाय निघताना केतकी म्हणते, "प्रत्येकीचं ऐकणार मी. पण मतं जुळली नाहीत तर कुणातरी एकीचा शब्द शेवटचा धरावा लागेल. कुणाचा धरू?"

हा काय प्रश्न झाला? मी पदर सावरून उभी राहिले. बघते तर बाकीच्या तिघी वैशालीकडे बघतायत!

"घाई नाही," केतकी म्हणाली, "शेवटच्या मीटिंगला ठरवू."

त्या दिवसापासून माझी झोप गेली.

*

मग एकेकीची मुलाखत. वैशालीची झाली आतल्या खोलीत, पंखा लावून, दोन वेळा चहा. आतून हसण्याचे आवाज. हसण्यासारखं काय असतं गरजांमध्ये? मी दाराजवळ बसून लसूण सोलत होते. एवढा लसूण सोलला की पुढचे दोन दिवस सगळ्या भाज्या लसणीच्या!

माझी पाळी आली. केतकीने विचारलं, "काकू, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

"वैशालीचा."

"नाही, म्हणजे कामात."

"कामातच!"

तिने ते लिहिलं की नाही, देव जाणे. मग सुरू झाली, "का?" मी कारण सांगितलं. "पण तसं का?" तेही सांगितलं. पुन्हा "का?" म्हणे मुळापर्यंत जायचं तर असंच विचारत जायचं असतं, ट्रेनिंगमध्ये शिकवतात.

मी म्हटलं, "बाई गं, माझ्या सासूने आयुष्यात एवढे 'का' विचारले नाहीत! तिला नुसतं आवाज चढवायचं ट्रेनिंग होतं!"

*

एक दिवस केतकी म्हणाली, "उद्या मी काही विचारणार नाही. नुसती कोपऱ्यात बसून बघणार. तुम्ही रोजच्यासारखं काम करा."

रोजच्यासारखं! घरी कोणी बघायला येणार असलं तर आपण रोजच्यासारख्या असतो का?

मी जरीकाठाची साडी नेसले. मोहन्याहून येणारी हिराबाई, जी पोळ्या लाटता लाटता शेजारणींचा उद्धार करते, ती त्या दिवशी तोंडातून ब्र काढेना. आमच्यातल्या दोघी जावा एकमेकींना "अहो, जरा मीठ देता का" म्हणायला लागल्या. एरवी मीठ फेकतात! मी प्रत्येक पोळी उलटून, सुलटून, उजेडात धरून बघितली.

दुपारी गिऱ्हाइकांचे फोनवर फोन. डबे कुठे? डबे अजून भरायचेच होते!

एकटी वैशाली मळका गाऊन घालून आलेली, केसांना क्लिप, कानाला फोन, हातात डाव. आणि ही केतकी दिवसभर तिच्याच मागे! डबा भरला, लिही. फोन घेतला, लिही. जाताना म्हणते, "ताई, तुमच्यामुळे मला खरं काम कळलं."

दुसऱ्या दिवशी मी माझा सगळ्यात जुना, खांद्यावर उसवलेला गाऊन घालून आले. केस विंचरले नाहीत. दारात उभी राहून वाट बघत राहिले.

हिराबाई म्हणाली, "ती आज यायची नाही. आता येकदम सोमवारी. तुला बरं नाही का गं?"

*

पुढे केतकीला गिऱ्हाइकांशी बोलायचं होतं. त्यांच्याही गरजा असतात म्हणे. पलीकडच्या नाक्यावरचे एक काका आहेत, बायको गेल्यापासून आमचा डबा खातात. त्यांना केंद्रात बोलावलं. काका पांढरा शर्ट घालून, पेढे घेऊन आले. पेढे दिले वैशालीला. का, तर फोनवर तिचा आवाज ओळखीचा!

केतकीने विचारलं, "काका, अ‍ॅपमध्ये तुम्हाला काय हवंच हवं?"

काका डोळे मिटून म्हणाले, "वैशालीताईंची आमटी. बाकी काहीही काढा, आमटी काढू नका. तशी आमटी आमच्या हिच्यानंतर कुणाच्या हातची खाल्ली नाही."

केतकीने लिहिलं. मी वाकून बघितलं. 'वैशालीताईंची आमटी, अत्यावश्यक.'

माझं डोकं फिरलं. "ओ काका! ती आमटी माझी! पहिल्या दिवसापासून माझी! हिने आजवर फोडणीला हात लावलेला नाही!"

काकांनी डोळे उघडले. माझ्याकडे नीट बघितलं.

"असं होय? मग सांगतोच. जरा खारट असते."

*

मग केतकीने कागदावर अ‍ॅपची चित्रं काढून आणली. आधी कागदावर दाखवायचं, चुका कागदावरच निघाल्या की पुढे त्रास नाही. हे मला पटलं. रांगोळीतही आम्ही आधी ठिपकेच घालतो.

पहिल्याच कागदावर वर एक बाई, हातात ताट, हसतेय.

"ही कोण?"

"कोणी नाही काकू, अशीच. जागा भरायला."

हिराबाई म्हणाली, "वैशालीसारखी दिसते की!" दोघी जावांनी माना डोलावल्या. वैशाली लाजली. लाजली!

"काढ हिला," मी म्हटलं.

"अहो काकू, ही तात्पुरती आहे."

"तात्पुरत्यांचं मला सांगू नकोस. एक तात्पुरती ठेवली, तिला सहा वर्षं झाली!"

*

आणि मग ती शेवटची मीटिंग. पोळ्यांचं काम चालूच, मधे केतकी स्टुलावर. एकेक मुद्दा वाचायची. हवंच, असलं तर बरं, की नको, ते आम्ही सांगायचं. आम्ही सगळ्यालाच हवंच म्हणत होतो.

शेवटी तिने विचारलं, "आता मेनू. रोज काय करायचं यात शेवटचा शब्द कुणाचा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वैशालीने हात वर केला. "मला वाटतं, हा शब्द एकीचाच असावा. पाच जणींनी ठरवायला गेलं तर संध्याकाळपर्यंत कुकर चढायचा नाही. आणि ती एक म्हणजे..."

बघा! माझ्याच केंद्रात, माझ्यासमोर, स्वतःचं घोडं पुढे!

"अजिबात नाही!" मी कडाडले. "कोण एकटी-बिकटी नाही इथे! इथे सगळ्या सारख्या! लिही गं केतकी. पाचही जणी हो म्हणतील तेव्हाच मेनू बदलेल. एकीने जरी हो म्हटलं नाही तर बदल नाही. मेनूच काय, कुठलीच गोष्ट बदलायची नाही!"

"अहो काकू, माझं ऐका तरी..." वैशाली म्हणाली.

"पुरे झालं तुझं! आजवर सगळ्यांनी तुझंच ऐकलंय."

दोघी जावांनी टाळ्या वाजवल्या. हिराबाई म्हणाली, "ह्ये बरं झालं." केतकीने छापून आणलेल्या कागदावर तो नियम पेनाने लिहिला आणि सह्यांसाठी पुढे केला. वैशालीच्या आधी माझी व्हायला हवी, म्हणून पेन मी ओढून घेतलं. ठळक सही केली. वैशालीने सगळ्यात शेवटी केली आणि पुन्हा परातीपाशी बसली.

बॅग भरता भरता केतकी म्हणाली, "ताई, तुमचं मघाशी वाक्य अर्धं राहिलं. ती एक म्हणजे कोण?"

"काकू," वैशाली म्हणाली. "दुसरं कोण?"

तव्यावरची पोळी करपल्याचा वास यायला लागला.

मी म्हटलं, "केतकी, तेवढी एक ओळ खोड बघू."

"काकू, सह्या झाल्या. आता तुमच्याच नियमाने, पाचही जणींचा होकार लागेल."

"मग त्यात काय! करा गं हात वर!"

मी केला. हिराबाईने केला. जावांनी केले.

वैशालीने मान वर केली नाही. कणकेत आणखी थोडं पाणी घातलं आणि म्हणाली, "माझे हात पिठात आहेत, काकू."