डोक्यांचा रकाना

या लेखापुढे प्रश्न एकच आहे : शार्कने खाऊन फक्त डोके उरलेला मासा मोजायचा की नाही? सुदाम मेश्राम जाऊन पाच आठवडे झाले. त्याच्या हयातीत मी या प्रश्नाचे उत्तर फार चटकन दिले होते.

हुडकेश्वरला आम्ही शेजारी. मी शाळेत गणित शिकवत असे. सुदाम संख्याशास्त्र शिकला आणि समुद्र कधी पाहिलेला नसताना एका सर्वेक्षण जहाजावर नोकरीला लागला. एका कंपनीला खोल समुद्रात कुपा माशाची मासेमारी सुरू करायची होती. तेवढा मासा तिथे आहे का, हे आधी ठरवायचे होते. मैलोगणती लांब दोरीला गळ टांगत, आणि दर शंभर गळांमागे किती मासे आले ते सुदाम लिहून ठेवी. अडचण अशी, की दोरी ओढेपर्यंत शार्क ताव मारून जात आणि कित्येक गळांना नुसती डोकी येत. सुदामने त्यांचा वेगळा रकाना आखला. वरिष्ठांनी तो काढून डोकी अख्ख्या माशांतच मोजायला सांगितले, आणि त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती.

रजेवर आला तेव्हा त्याने मला विचारले. गळाला लागलेला मासा समुद्रात होताच, म्हणून तो मोजलाच पाहिजे, असे मी वर्गात समजावतात तसे समजावले. चहा ठेवता ठेवता त्याची बायको कमल म्हणाली, "गुरुजी, मुंडकं घ्याले बाजारात कोन येईन?"

आम्ही दोघे हसलो...

दोन्ही रकाने एक झाले. कंपनीने बोटी आणल्या. त्यांच्याही गळांना डोकीच आली. धंदा बुडाला. चौकशीत अहवालावर सही निघाली ती एकट्या सुदामची. नोकरी गेली. इकडे पानठेल्यावर त्याला रोज विचारत, "काय गा साहेब, अंबाझरी तलावात मासे किती, सांगून टाका ना." पुढे त्याने घराबाहेर पडणेच सोडले. कमलवहिनी शिलाई करून घर चालवू लागल्या.

शेवटची भेट इस्पितळात झाली. माझा राग येतो का, असे मी विचारले. तो म्हणाला,

"तुलेच काहून विचारलं, माहीत आहे का? तू हो म्हणशीन, हे मले पक्कं माहीत होतं. कमलले नाही विचारलं."

समुद्रात मासे किती, या प्रश्नाला माझे उत्तर आजही बरोबर आहे. कंपनीने मात्र विचारले होते, बाजारात किती नेता येतील. प्रश्न नीट न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे मी आयुष्यभर गुण कापले.

तेराव्या दिवशी वहिनींनी त्याची पेन्सिलने लिहिलेली मूळ वही माझ्या हातात ठेवली. तीत दोन्ही रकाने शाबूत आहेत. मी तीनदा एकूण आकड्यातून डोक्यांची वजाबाकी केली. धंदा सुरूच करू नये, असेच उत्तर तिन्ही वेळा आले. पण माझ्या उत्तरावर विसंबू नये. वही माझ्या घरी कोणालाही पाहता येईल. वजाबाकी आपण स्वतः करून पाहावी, ही विनंती.