पेंढा कुठे गेला

फोन आला तेव्हा मी चेन्नईत, गिंडीच्या ऑफिसात ड्रोनच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावत होते. अण्णा गेले. झोपेतच, हृदय बंद पडून. आदल्याच दिवशी तावातावाने भांडून अड्यारला घरी गेलेला माणूस... आता महिना उलटला, तरी मला ते खरं वाटत नाही.

अण्णा म्हणजे आमच्या कंपनीतले पिकांचे जाणकार, तंजावरच्या मराठी घरातले. चेन्नईत आल्यावर माझ्याशी मराठीत बोललेला पहिला माणूस. मी साताऱ्याची, त्यांचा तमिळ हेल ऐकून मला हसू यायचं आणि माझं धसमुसळं बोलणं ऐकून त्यांना. आमचं काम असं, की शेतांवरून ड्रोन फिरवायचा, फोटो संगणकातल्या मॉडेलला द्यायचे आणि मातीत किती कार्बन साठला ते त्याने सांगायचं. हवेतला कार्बन मातीत धरून ठेवल्याबद्दल त्या आकड्यावर शेतकऱ्यांना पैसे मिळतील, असा शब्द कंपनीने दिलेला.

घोडं अडलं पेंढ्यापाशी. तंजावरकडे भात उभा असतानाच त्यात उडदाचं बी फेकतात. कापणी झाली की पेंढा गुरांसाठी उचलून नेतात आणि खालून उडदाची रोपं वर येतात. ड्रोनला वरून सगळं हिरवंगार दिसतं, पेंढा उचलल्याचं कळतच नाही. मॉडेलने धरून टाकलं, पेंढा शेतातच कुजतोय, माती सुधारतेय.

"पेंढा गाईच्या पोटात गेला गं, आणि हे मातीत मोजतात," अण्णा म्हणायचे. "उद्या कुणी माती तपासली तर लबाड कोण ठरणार? माझ्या गावची माणसं."

साहेबांपुढे त्यांनी हे पुन्हा पुन्हा मांडलं. उत्तर एकच, पुढच्या हंगामात बघू. मग अण्णा डबा न उघडताच परत न्यायचे. शेवटचं भांडणही त्यावरूनच झालं. मला त्यांच्या हट्टाचा राग यायचा, साहेबांचा त्याहून जास्त.

शोकसभेत साहेबांनी डोळे पुसले आणि जाहीर केलं, मॉडेलला अण्णांचं नाव देणार. अण्णांच्या पत्नीने भरल्या डोळ्यांनी हात जोडले. नंतर मी साहेबांना जिन्यात गाठलं आणि म्हटलं, नाव देण्याआधी चूक तरी दुरुस्त करा.

"आता त्याला हात लावणं बरं दिसणार नाही," ते म्हणाले. "त्यांची आठवण आहे ती."

रोज सकाळी संगणक लावला की पडद्यावर आधी अण्णांचं नाव येतं. मग मी त्यांच्या गावचं शेत उघडते... आणि अण्णा मला सांगतात, पेंढा शेतातच आहे.