कारखान्यात लपवलेली शुगर

चन्नवीर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवायचा. शुगर निघाल्याचं त्यानं बायकोला, हेमावतीला तेवढं सांगितलं होतं. कारखान्यात कुणालाच नाही. आजारी माणसाला मागावर कोण उभं करणार, ही त्याची धास्ती.

श्रावणातल्या सोमवारी त्यानं सकाळची गोळी घेतली, पण उपास म्हणून डबा नेलाच नाही. दुपार कलता कलता हात कापायला लागले. आधी वाटलं, मागाचीच थरथर असेल. मग अंगाला गार घाम फुटला. तुटलेला धागा जोडायला वाकला, तर एकाचे दोन दिसू लागले. समोर आडवा धागा नेणारा धोटा सटासट पळत होता आणि माग बंद कसा करायचा तेच आठवेना! निम्मं आयुष्य ज्या दांड्यावर हात होता, तो दांडाच सापडेना. ओरडावं तर जीभ उचलत नव्हती. आता आपला हात आत जाणार, एवढंच त्याला कळत होतं.

"पिऊन आलाय काय रं ह्यो?" पलीकडच्या मागावरचा भीमाशंकर लांबून हसला.

शेजारच्या मागावरचा श्रीमंत नावाचा कामगार मात्र धावला. माग थांबवून त्यानं चन्नवीरला खाली बसवलं. "शुगर हाय का तुला? आमच्या आईला आसंच व्हतंय. बोल की!"

चन्नवीरनं कशीबशी मान हलवली. तेवढं कबूल करतानाही तो भ्याला.

श्रीमंतनं चहाच्या टपरीवरची साखर पाण्यात ढवळून घोट घोट पाजली.

"शुगरवाल्याला साखर देतोस व्हय?" मुकादम ओरडला.

"शुगर लई उतरली की हीच द्यायची आस्ती, मालक."

हळूहळू त्याच्या डोळ्यांपुढं कारखाना पुन्हा जागेवर आला. चन्नवीर भिंतीला टेकून हाताची बोटं चाचपत राहिला. सगळी होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी बजावलं, "ही गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. आणि बरोबरच्या माणसांना सांगून ठेवा."

मुकादमानं त्याला काढलं नाही. पण पुढं कितीतरी दिवस मागापाशी जाताना चन्नवीरचे पाय अडखळत. नुसत्या उकाड्यानं घाम आला तरी तो आधी माग थांबवायचा.

एक दिवस भीमाशंकर इकडंतिकडं बघत जवळ आला. "मलाबी हाय. कुणाला बोलू नगंस."

त्याचा चेहरा पार उतरला होता. चन्नवीरला ती भीती ओळखीची होती.

"कुणाला न्हाय तर न्हाय," तो म्हणाला, "पर श्रीमंतला तेवढं सांगून ठेव."