दौंडला अडवून धरलेली घंटा

शिरूरचं आमचं नाट्यमंडळ हौशी होतं. तिकिटाचा पैसा गावच्या वाचनालयाला जायचा. मी न्हावऱ्याहून डोक्यावर कांद्याची पाटी घेऊन आलेला माणूस, पुढे अडत्या झालो. बाकांवर फळ्या टाकून पहिलं स्टेज मी उभं केलं आणि नाटकंही मीच बसवली. मग पुण्यात शिकलेले एक मास्तर शाळेवर आले. मी माल घेऊन दौंडला गेलो असताना मंडळानं दिग्दर्शन त्यांना देऊन टाकलं.

परत आलो तेव्हा चिटणीस म्हणाला, "आप्पा, तिसरी घंटा तुमचीच. तुमच्याबिगर पडदा उघडायचा न्हाई." एवढा तुकडा माझ्यापुढं टाकला होता.

मास्तरांच्या नाटकाचा पहिलाच प्रवेश मुका. आई परगावी निघालेल्या मुलाचे कपडे घड्या घालून ट्रंकेत भरते, बाकी काही नाही. शिरूरला लोक श्वास रोखून बसले, हे मीही नाकारत नाही. मग दौंडच्या रेल्वेवाल्यांनी बोलावलं. शिरूरला रेल्वे नाही, आमच्या लोकांना गाडी म्हणजे एस.टी. मी म्हणालो, "मास्तर, तिथं मेलचं इंजिन बदलतात. शिट्ट्यांखाली तुमचा प्रवेश चिरडेल."

मास्तर हसले. "आप्पा, प्रेक्षक रंगला की त्याला इंजिन ऐकू येत नाही. नाटक म्हणजे कांद्याचा लिलाव नव्हे."

सगळे हसले. ते हसणं माझ्या अजून कानात आहे.

दौंडला संध्याकाळी मी स्टेशनात चौकशी केली. मेल लेट होती, नेमकी आमच्या वेळेला येणार होती. दोन घंटा दिल्या आणि जमीन हादरायला लागली. हॉलच्या मागंच इंजिन सुटलं, दुसरं जोडायला निघालं. मी घंटेची जीभ मुठीत धरली.

"आप्पा, घंटा!" मास्तर विंगेतून आले.

"मेल जाऊ द्या."

"लोक टाळ्या पिटतायत. भाव चढायची वाट बघताय का?"

बाहेर खरंच टाळ्या आणि शिट्ट्या चालल्या होत्या. घंटा तेव्हा दिली असती तर मास्तर तिथंच बुडाले असते आणि दिग्दर्शन आपल्या पायानं माझ्या दारात आलं असतं. तो सौदा मला दिसत होता. पण पडद्यावर नाव मंडळाचं होतं. मास्तरांनी घंटेला हात घातला, मी त्यांचं मनगट पिरगाळलं.

"हात काढा, नाहीतर पडदाच उघडणार नाही!"

मेल हलली. शेवटचा डबा लांब जाईपर्यंत मी थांबलो आणि घंटा दिली. ट्रंकेची कडी लागलेली शेवटच्या रांगेत ऐकू गेली.

नाटक संपल्यावर एक ड्रायव्हर मास्तरांना म्हणाला, "काय शांतता साधली, साहेब! आमच्या दौंडात!" मास्तरांनी नमस्कार केला. मी शेजारी उभा होतो.

शिरूरला सभा भरली. मी हात उगारला, प्रयोग खोळंबवला, म्हणून घंटा परत मागितली. मी म्हणालो, "देतो. फक्त ती उशिरा का वाजली, ते मास्तरांनी इथं सांगावं."

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. चिटणीस म्हणाला, "जाऊ द्या हो आप्पा, किती ताणायचं?"

मी घंटा पिशवीत घातली आणि घरी आलो. मंडळानं पुढं दुसरी आणली. ही मी अजून दिलेली नाही.