ताईच्या डोक्यातली तार

सुधाताई, माझी थोरली बहीण, हल्ली सुईत दोरा ओवते तेव्हा मी हातातलं काम थांबवून बघत राहते. कंपवातामुळे तिच्या हातात पाण्याचा पेलाही स्थिर राहत नव्हता. मग डॉक्टरांनी तिच्या मेंदूत बारीक तार बसवली, ती छातीतल्या छोट्या यंत्राला जोडली आणि हात शांत झाले.

मागे एकदा दवाखान्यात तपासणीच्या वेळी त्या यंत्राच्या कंपनीचा माणूस आला होता. यंत्राने टिपलेली मेंदूची रेघ पडद्यावर बघत तो म्हणाला, "काकू, मंगळवारी दुपारी मेंदूत बरीच खळबळ दिसतेय. काही झालं होतं का?"

"झालं असेल. तुम्हाला कशाला हवं?"

"ही माहिती आमच्याकडे आपोआप येत राहिली, तर यंत्र घरबसल्या जुळवता येईल. नाहीतर दर वेळी इथवर यावं लागेल."

"येईन," ताई म्हणाली. "हात थरथरतात म्हणून तुम्हाला डोक्यात येऊ दिलं, मन वाचायला नाही. ती नोंद बंद करा."

त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी होकार दिला, तेव्हा त्याने नोंद बंद केली.

आता आम्हाला दर वेळी अख्खा दिवस मोडून एसटीने जावं लागतं. मला त्याचं काही वाटत नाही. आपण रडून तोंड धुतो आणि दार उघडून पाहुण्याला हसत "या" म्हणतो. एवढा आडोसा माणसाला हवाच. तो उपकाराच्या बदल्यातही कुणी मागू नये.

परवा डॉक्टरांनी विचारलं, "मन कसं आहे?"

सकाळीच न्हाणीघरातून ताईचं रडणं मला ऐकू आलं होतं.

"छान आहे," ती ताठ बसून म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणाले, "हो, छान आहे."