बोल्टमागचं बटण

ती घटना विसरण्याचे सगळे उपाय करून झाले. निवृत्त होऊन पालघरला राहायला आलो, नातवंडांत रमलो, कुंड्यांमध्ये मिरच्या लावल्या. वर्दी उतरली, पण ती सकाळ काही अंगावरून उतरली नाही. इथे कुणाचंच नाव देणार नाही. माझंही नाही, आणि त्यात सभ्यपणा कमी, भीती जास्त आहे.

त्या वेळी मी किनारपट्टीवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जिल्ह्याला नव्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली आल्या होत्या, त्यातल्या चार आमच्या वाट्याला. या रायफलीच्या उजव्या अंगाला, बोल्टच्या मागे, एक बटण असतं. गोळी चेंबरमध्ये नेणारा बोल्ट पूर्ण मिटला नाही, तर ते दाबून त्याला पुढे ढकलता येतं. त्याला फॉरवर्ड असिस्ट म्हणतात. आमची पोरं त्याला नुसतं ‘बटन’ म्हणत.

पोलिसाची एक खोड सांगतो. सरकारी वस्तू तो जिवापाड जपतो, कारण मोडली तर खुलासा लिहावा लागतो. बोल्ट मागे ओढून झटक्यात सोडायचा असतो. स्प्रिंगच्या जोरावर तो आपोआप मिटतो. आमचे शिपाई मात्र तो हाताने धरून, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसा हळूच पुढे नेत. साहजिकच तो थोडा उघडा राही. एका तपासणीत वरिष्ठांनी हे पकडलं आणि सगळ्या ठाण्यासमोर मला झापलं. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी स्थायी आदेश काढला: ‘राउंड भरल्यावर बटण दाबून बोल्ट मिटल्याची खात्री करावी. बोल्ट अडल्यास बटणाने पुढे ढकलावा.’ तो फलकावर लावला आणि रोज हजेरीच्या वेळी प्रत्येकाकडून पाठ करून घेतला. पहिलं वाक्य ठीक होतं. दुसरं मी कुणालाही न विचारता लिहिलं होतं.

पुढे महिन्याभराने खबर आली. सफाळ्याकडच्या खाडीत बेकायदा रेती उपसतात, उजाडता उजाडता डंपर भरून निघतात. मी दोन पथकं केली. पहिल्या पथकात निवृत्तीला टेकलेला एक हवालदार आणि त्याच भागातला एक शिपाई. रायफल शिपायाकडे. ते दोघे तासभर काठावर रेतीत पडून होते. दुसरं पथक घेऊन मी वेगळ्या वाटेने येत होतो.

डंपर निघाला तसा हवालदार वाटेत हात आडवा करून उभा राहिला. गाडी थांबेना. तो ओरडला, “टायरवर मार!” रायफल उडाली नाही.

मी पोचलो तेव्हा हवालदार संपला होता. शिपाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, रायफल बाजूला पडली होती. डंपर पसार. पंचनामा केला, रायफल आहे त्या स्थितीत सील केली.

दुसऱ्याच दिवशी टपालाने निनावी अर्ज आला. शिपायाचा मामेभाऊ त्याच रेतीवर कामाला आहे, म्हणून त्याने मुद्दाम गोळी झाडली नाही. मामेभाऊ खरंच तिथे कामाला होता. मी शिपायाला समोर बसवलं.

“घोडा दाबलास का?”

“दाबला साहेब. नाय उडाली.”

“मग काय केलंस?”

“बटन मारलं. परत मारलं. मारीतच व्हतो.”

“मामेभावाला वाचवायला?”

“तो त्या दिवशी नव्हताच तिथं. हवालदारकाका माज्या बापासारखं व्हतं साहेब.” एवढं बोलून तो रडायला लागला. मी त्याला तीन तास तेच प्रश्न विचारले. त्याच्या वैद्यकीय दाखल्यात ‘उजव्या तळहातावर सूज’ असं लिहिलेलं होतं. झटापटीत झाली असेल म्हणून मी पान उलटलं. झटापट झालीच नव्हती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

चौथ्या दिवशी डंपरचा चालक बोईसरला कामगारांच्या चाळीत सापडला. त्याने गुन्हा कबूल केला आणि न विचारता एक गोष्ट सांगितली. “साब, मेरे को लगा अब गोली मारेगा. लेकिन वो तो बंदूक को ही पीट रहा था. हथेली से, जोर जोर से.”

मी मुख्यालयातून आर्मोररला, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या हवालदाराला, बोलावलं. बोल्ट त्याच्या हातानेही मागे येईना. शेवटी रायफलीचा दस्ता लाकडी ठोकळ्यावर आपटून त्याने गोळी काढली. पितळेवर रेतीचे ओरखडे होते.

“हे बटण कशासाठी असतं साहेब? आवाज न करता गोळी भरायची म्हणून बोल्ट हळू सोडला, तर शेवटचा धक्का द्यायला. अडलेल्या गोळीसाठी नाही. अडली की मागे ओढायचं, ती फेकायची, दुसरी घ्यायची. दोन सेकंदांचं काम. यानं रेतीसकट ठोकून बसवली. असं शिकवलं कुणी त्याला?”

मी म्हणालो, “बघतो.”

त्याच दुपारी मी फलकावरचा आदेश काढून, घडी करून खिशात घातला. त्याची कार्यालयीन प्रतही काढून घेतली. अहवालात लिहिलं: ‘शस्त्र हाताळण्यात अक्षम्य निष्काळजीपणा.’ खातेनिहाय चौकशीत शिपाई म्हणाला, साहेबांचाच आदेश होता. कागद कुठेच नव्हता. त्याच्या सहकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आठवत नाही म्हणून सांगितलं. तो बडतर्फ झाला. हवालदाराच्या बायकोने त्याला दारातही उभं केलं नाही. मला तिच्या घरी खुर्ची आणि चहा मिळाला.

गेल्या वर्षी एका कामासाठी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत गेलो होतो. एका कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन ताडकन उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला. केस पांढरे झाले होते, तरी मी ओळखलं.

“बरा आहेस ना?”

“हाय साहेब.” मग तो जरा घुटमळला. “एक विचारू? मी आजून जोरात मारलं असतं, तर बसली असती का गोळी?”

इतकी वर्षं तो माणूस हेच मोजत होता. त्याला वाटत होतं की आपला हात कमी पडला. उत्तर मला माहीत होतं. त्याने जितकं जोरात मारलं असतं, तितकी ती घट्ट रुतली असती.

मी म्हणालो, “सांगता येत नाही रे.” आणि गाडीत बसलो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. अडलं की मागे यावं, एवढंच. हे मी त्याला शिकवलं नाही, आणि त्या दुपारी फलकासमोर उभा असताना स्वतःही केलं नाही. आदेशाचा कागद अजून कपाटात आहे. तो घेऊन वरिष्ठांकडे जावं असं दर महिन्याला ठरवतो, आणि पेन्शनचा विचार येतो.

बाबा रे, नसती बसली. चूक तुझी नव्हती, माझी होती. पण तुझं नाव इथे नाही, माझंही नाही. त्यामुळे हे लिहिलेलंही तुझ्या काही कामाचं नाही.